माळ्यावरचे मशीन खाली काढा!

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच बाहेरच्या बाकावर एक ओळखीचे जोडपे बसले होते. गृहस्थ एक्कावन्न वर्षांचे, भाजीचा टेम्पो चालवतात. रात्री दोनला गाडी भरायची, पहाटे मार्केट यार्डात माल उतरवायचा आणि दहाच्या सुमारास घरी परतायचे, असा त्यांचा वीस वर्षांचा क्रम. मी त्यांना भाऊसाहेब म्हणतो. गेली तीन वर्षे त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडून चालू आहेत. एकीच्या दोन झाल्या, दोनच्या तीन झाल्या, तरी वरचा आकडा १५०च्या खाली यायला तयार नाही.

"आज बी.पी.साठी नाही आलो," वहिनीच बोलल्या. "परवा पहाटे ह्यांची गाडी रस्ता सोडून खाली उतरली. डोळा लागला होता ह्यांचा. शेजारी पोरगा होता, त्यानं स्टिअरिंग धरलं म्हणून बरं."

भाऊसाहेब खाली मान घालून बसले होते. रात्री झोप कशी लागते, असे विचारल्यावर हळूच म्हणाले, "डॉक्टर, खोटं बोलणार नाही. २०१९ साली पुण्याला माझी झोपेची तपासणी झाली होती. मशीन घ्यायला लावलं, घेतलं. सात-आठ महिने वापरलं. मग मास्कचं रबर फाटलं, तेवढ्यात लॉकडाऊन लागला, धंदा बसला. मशीन माळ्यावर पडून आहे. आता परत पहिल्यापासून सगळं करायचं म्हणजे साठ-सत्तर हजार कुठून आणू?"

तीन वर्षे मी या माणसाचा रक्तदाब मोजत होतो, पण "तुम्ही घोरता का?" हा साधा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. तेव्हा चूक त्यांची होती, तशी माझीही होती. असे माळ्यावर ठेवलेले मशीन आपल्या गावात आणखीही काही घरांत असेल. पुन्हा सुरुवात म्हणजे पुन्हा सगळा खर्च, या धास्तीने ते खाली येत नाही. ही धास्ती बहुतेक वेळा खोटी असते, एवढेच आज सांगायचे आहे.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

कोणी मोठ्याने घोरू लागले की आपण कौतुकाने म्हणतो, "काय गाढ झोप लागली आहे बघा!" प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मान जाड असली, वजन वाढलेले असले, जबडा लहान असला किंवा टॉन्सिल मोठे असले, तर सैल पडलेला घसा मिटतो. छाती आणि पोट श्वास घेण्यासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस अर्धवट जागा होतो, मोठा फुरका मारून श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. आठवते ते शेजारी झोपलेल्या माणसाला. या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला किंवा फार कमी झाला, तर तो एक थांबा धरतात. तासाला ५ ते १५ थांबे म्हणजे आजार सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३०च्या वर म्हणजे तीव्र. भाऊसाहेबांच्या जुन्या रिपोर्टात तासाला ४२ थांबे होते. सहा तासांच्या झोपेचा हिशेब केला तर एका रात्रीत अडीचशे वेळा गळा मिटत होता. अशा माणसाने पहाटे गाडीवर डुलकी घेतली, तर त्याला आळशी किंवा बेजबाबदार म्हणण्यात काय अर्थ आहे?

हा आजार शहरातल्या श्रीमंतांचा आहे, असाही एक समज आहे. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २०२३ साली देशातले अनेक अभ्यास एकत्र करून अंदाज काढला, तेव्हा काम करण्याच्या वयाच्या सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा विकार असावा, असे दिसले. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत याच आजाराचे नाव होते. बायकांनाही तो होतो, विशेषतः पाळी गेल्यानंतर. पण "बाईमाणूस घोरते" हे सांगायला घरचे संकोचतात आणि निदान राहून जाते.

मशीन काय करते?

या आजारावर वापरतात त्या मशीनचे नाव सीपॅप. पुष्कळांना ते ऑक्सिजनचे मशीन वाटते. तसे ते नाही. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी ही पद्धत प्रथम जगापुढे मांडली. कल्पना अगदी सोपी आहे. सायकलच्या ट्यूबमधली हवा गेली की तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. थोडी हवा भरली की ती उघडी राहते. तसेच हे मशीन खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकातून घशात सोडते आणि घसा मिटू देत नाही. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. घरगुती मशीनमध्ये तो साधारण ४ ते २० असतो. कोणाला ७ पुरतात, कोणाला १२ लागतात. भाऊसाहेबांना ११ ठरवून दिले होते.

मशीनने आजार मुळापासून जात नाही. ते चष्म्यासारखे आहे. डोळ्यावर आहे तोवर दिसते, काढला की पुन्हा अंधुक. मशीन बंद केले की काही दिवसांतच थांबे परत येतात आणि दोन आठवड्यांत सकाळचा रक्तदाब वाढलेला आढळतो, असे अभ्यासांत दिसले आहे. "मध्ये मला बरं वाटलं म्हणून बंद केलं" असे सांगणारे पेशंट मशीन चालू होते म्हणूनच बरे होते.

माणसे मशीन का सोडतात?

माझ्या अनुभवात कारणे लहान असतात. मास्कमधून हवा डोळ्यांवर येते. नाक कोरडे पडते किंवा चोंदते. मिशी जाड असल्याने मास्क बसत नाही. नातवंडे "आजोबांना हत्तीची सोंड आली" म्हणून हसतात. रात्री लाईट जाते. मास्कचा एखादा भाग फाटतो आणि तो तालुक्याला मिळत नाही. यांतले एकही कारण हजारो रुपयांचे नाही. पण चार दिवस मशीन राहते, चाराचे चाळीस होतात. मग डॉक्टरांकडे जायची लाज वाटते, "पैसे घालवले आणि वापरत नाही" म्हणून बोलणी बसतील अशी भीती वाटते. वाचकहो, मधुमेहाची गोळी चुकते, व्यायाम सुटतो, तसेच मशीनही सुटते. परत आलेल्या पेशंटला रागावणारा डॉक्टर त्याला पुन्हा घालवून बसतो, हे आम्ही डॉक्टरांनीही लक्षात ठेवले पाहिजे.

पहिली पायरी बिनपैशाची

कोणत्याही दुकानात चौकशी करण्याआधी मशीन माळ्यावरून खाली काढा आणि दिवसाउजेडी एवढे पाहा :

(१) मशीनच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर कंपनी, मॉडेल आणि नंबर असतो. तो वहीत लिहून घ्या. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने २६ एप्रिल २०२१ पूर्वी बनलेली आपली बरीच मशिने सदोष म्हणून जाहीर केली होती. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम कुजून त्याचे कण हवेबरोबर श्वासात जाण्याचा धोका होता. पहिले ड्रीमस्टेशन आणि सिस्टीम वन ही मॉडेले त्यात होती. तुमचे मशीन त्यातले असेल, तर कंपनीच्या सेवा केंद्रात नंबर सांगून खात्री करून घ्या आणि तोपर्यंत काय करायचे ते डॉक्टरांना विचारा.

(२) मूळचा अ‍ॅडॉप्टर सापडतो का ते पाहा. लॅपटॉपचा किंवा दुसरा कोणताही जोडू नका.

(३) मागचे झाकण काढून फिल्टर पाहा. काळा पडला असेल तर तो टाकून द्या. झुरळे, मुंग्या किंवा उंदरांच्या लेंड्या आढळल्या तर मशीन चालू न करता आधी सर्व्हिसिंगला द्या.

(४) नळी लांब ताणून उजेडासमोर धरा. भेग असेल, आत काळी बुरशी असेल तर ती वापरू नका.

(५) मास्कची नाकावर बसणारी मऊ गादी कडक, पिवळी किंवा चिकट झाली असेल तर ती गेली असे समजा. पट्टे ढिले झाले असतील तर तेही.

(६) मशीनमध्ये छोटे कार्ड असेल तर ते जपा. किती तास वापर झाला, हवा किती गळत होती, थांबे किती उरले, हे सगळे त्यात असते.

आणि २०१९ चा असो की २०१५ चा, जुना रिपोर्ट शोधा. लग्नाच्या अल्बमखाली नाहीतर रेशनकार्डाच्या पिशवीत तो हमखास सापडतो.

पैसा कोणत्या क्रमाने घालावा?

बहुतेक माणसे उलट्या टोकाने सुरू करतात. आधी नव्या मशीनची किंमत विचारतात आणि आकडा ऐकून घरी येतात. क्रम असा ठेवा.

पहिला पैसा मास्कवर. सारी करामत मास्कची असते. भारी मशीन आणि गळका मास्क यापेक्षा साधे मशीन आणि नीट बसणारा मास्क केव्हाही चांगला. मास्क साधारण अडीच-तीन हजारांपासून सात-आठ हजारांपर्यंत मिळतात. पुष्कळदा पूर्ण मास्क लागत नाही; नुसती गादी बदलून भागते, ती स्वस्त पडते. मास्क दुकानात उभ्याने लावून पाहू नका. आडवे व्हा, कुशीवर वळा, हवा चालू करून पाहा. पट्टे आवळले म्हणजे गळती थांबते हा गैरसमज आहे. आवळल्याने गादी दुमडते आणि जास्त गळते. मिशी असणाऱ्यांना नाकपुड्यांत टेकणारा छोटा मास्क सोयीचा पडतो. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यांना नाक-तोंड झाकणारा मास्क लागू शकतो.

दुसरा पैसा फिल्टर आणि नळीवर. हा खर्च काही शेकड्यांचा, फार तर हजाराच्या आसपास.

तिसरा पैसा डॉक्टरांच्या फीवर. छातीच्या विकारांचे किंवा झोपेच्या विकारांचे तज्ज्ञ कार्ड पाहून दाब बरोबर आहे की नाही ते सांगतात. मध्यंतरी वजन आठ-दहा किलोंनी वाढले किंवा घटले असेल तर जुना दाब चुकीचा ठरू शकतो. ऑटो मशीन असेल तर ठरावीक मर्यादेत दाब स्वतःच कमीजास्त होतो. ती मर्यादा मात्र डॉक्टरांनी ठरवावी.

चौथा पैसा, गरज असेल तरच, नव्या तपासणीवर. सरसकट सगळ्यांना ती लागत नाही. जुना रिपोर्ट सापडत नाही, वजनात मोठा फरक पडला आहे किंवा मशीन लावूनही झोप येते, अशा वेळी डॉक्टर ती सांगतील. त्यांना एक प्रश्न जरूर विचारा : "माझी तपासणी घरी झाली तर चालेल का?" बोटाला, नाकाला आणि छातीला तारा लावून घरीच रात्रभर झोपायची ही तपासणी लॅबमधल्या तपासणीपेक्षा सहसा स्वस्त पडते आणि उघड लक्षणे असलेल्या पुष्कळांना पुरते. हृदय दुबळे असेल, फुप्फुसाचा मोठा आजार असेल किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर मात्र लॅबचीच तपासणी योग्य. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत छातीरोग किंवा कान-नाक-घसा विभागात ही सोय आहे का, याची चौकशी करावी.

नवे मशीन सर्वांत शेवटी. खरेच बिघडले असेल, दुरुस्ती परवडत नसेल, तेव्हाच. साधे मशीन आणि ऑटो मशीन यांच्या किमतीत बराच फरक असतो. दाब एकदा नक्की ठरला असेल तर साध्या मशीननेही काम भागते, तेव्हा दुकानदार दाखवील तेच घ्यावे असे नाही. आधी महिनाभर भाड्याने मिळते का ते विचारावे. केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनर यांना सीजीएचएसमधून आधी परवानगी घेऊन ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्च मिळतो. माजी सैनिकांनी आणि विमा कामगार योजनेतील लोकांनी आपापल्या कार्यालयात विचारावे. खासगी मेडिक्लेममध्ये हे मशीन सहसा बसत नाही. पॉलिसी वाचून पाहावी.

इथे काटकसर करू नका

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हा सीपॅपला पर्याय नाही. कोविडच्या काळात घेतलेला कॉन्सन्ट्रेटर घरात आहे म्हणून तो लावून झोपणारे पेशंट मी पाहिले आहेत. घसाच मिटला तर ऑक्सिजन जाणार कुठून? काही पेशंटांत त्याने थांबे उलट लांबतात. २०२१ च्या लाटेत कोणाच्या तरी वडिलांसाठी आणलेले बायपॅप मशीनही दाब ठरवून न घेता लावू नये.

दुसऱ्याने वापरलेले मशीन घ्यायला माझी सरसकट ना नाही. पण ते किती तास चालले आहे हे पडद्यावर पाहा, वर सांगितलेली सदोष मॉडेले टाळा, बिल घ्या, मास्क-नळी-फिल्टर नवे घाला आणि दाब डॉक्टरांकडून तुमच्यासाठी लावून घ्या. शेजाऱ्याचा दाब तुमच्या घशाला लागू पडत नाही. पाहुण्याचा चष्मा आपण घालतो का?

झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी घेऊ नका. तिने घसा आणखी सैल पडतो. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याची एक टूम निघाली आहे. ज्याचे नाक चोंदलेले आहे त्याला ती धोक्याची ठरू शकते. घोरणे थांबवणाऱ्या अंगठ्या आणि चुंबके यांवर घातलेला पैसा पाण्यात जातो. तोच मास्कसाठी ठेवा.

मशीन सुरू होईपर्यंत

पैसे जमायला दोन महिने लागतील, तर ते दोन महिने हातावर हात ठेवून बसू नका.

कुशीवर झोपा. पुष्कळांचे थांबे उताणे झोपल्यावर वाढतात. जुन्या बनियनला पाठीच्या मधोमध खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घाला. उताणे झाले की टोचतो आणि माणूस आपोआप वळतो. खर्च पन्नास-साठ रुपये.

दारू पूर्ण बंद करा. निदान संध्याकाळनंतर थेंबही नको. नाक चोंदत असेल तर त्यावर उपचार करा, मिठाच्या पाण्याचे थेंब स्वस्त असतात. थायरॉईडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

वजन. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, वजन १० टक्क्यांनी वाढले तर थांबे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतात आणि तेवढेच घटले तर सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतात. म्हणजे ९० किलोंच्या माणसाने ९ किलो उतरवले तर चौथा हिस्सा आजार फुकटात कमी होऊ शकतो. टिर्झेपेटाईड या आठवड्याच्या इंजेक्शनाला लठ्ठ माणसांतील या आजारासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे. पण ते महाग आहे, बेताच्या खर्चात आधी मास्क येतो. सौम्य किंवा मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारी कवळीसारखी पट्टी दंतवैद्य बनवून देतात, तिचाही विचार होऊ शकतो.

शंख फुंकण्याबद्दल हल्ली मला विचारतात. २०२५ साली जयपूरच्या डॉक्टरांनी मध्यम आजाराच्या ३० रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा महिने नियमित शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि तासाचे चार-पाच थांबे घटले. घरी शंख असेल तर जरूर फुंका, त्याने घशाच्या स्नायूंना व्यायाम होतो. पण प्रयोग लहान आहे, आणि ४२ मधून ५ गेले तरी ३७ उरतात, हे विसरू नका.

सर्वांत महत्त्वाचे : उपचार नीट सुरू होऊन दिवसाची पेंग जाईपर्यंत रात्रीचे आणि पहाटेचे वाहन चालवू नका. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, उसाचे चरक यांच्याजवळही डुलकी जीव घेते.

सवय पुन्हा कशी लावायची?

पहिल्याच रात्री आठ तासांचा हट्ट धरू नका. पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी टी.व्ही. पाहताना अर्धा तास मास्क लावून बसा. नंतर दुपारच्या डुलकीला लावा. मग रात्री. मशीनमध्ये दाब हळूहळू वाढवण्याची सोय असते, ती चालू करा. रात्री मास्क निघाला आणि जाग आली, तर परत लावा. अर्धी रात्र गेली म्हणून सोडून देऊ नका. पहाटेच्या झोपेत थांबे बहुधा जास्त असतात. निदान चार तास हे पहिले उद्दिष्ट, पण मुक्काम तिथे नाही. जितकी झोप तितका वेळ मशीन हेच खरे.

मास्कची गादी रोज साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, नळी आठवड्याला धुवा, सावलीत वाळवा. कापडी पांढरा फिल्टर धुवायचा नसतो, महिन्याला बदलायचा. जाड स्पंजाचा असेल तो मात्र धुता येतो. हवा ओली करणाऱ्या डबीत बोअरचे पाणी घालू नका, क्षार बसतात. डिस्टिल्ड पाणी घाला आणि सकाळी उरलेले ओतून टाका.

लाईट गेली तर गुदमरून मरू, ही भीती अनेकांना वाटते. मास्कला श्वास बाहेर जाण्याची छिद्रे असतात, नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला झडपही असते. आणि कोंडल्यासारखे वाटले की जाग येऊन माणूस मास्क काढतोच. ती छिद्रे मात्र चिकटपट्टीने कधीही बुजवू नका. घरी इन्व्हर्टर असेल तर पाणी तापवण्याची सोय बंद ठेवून मशीन चालवा. तेवढ्याला पंख्यापेक्षाही कमी वीज लागते. इन्व्हर्टर कोणत्या प्रकारचा चालेल ते मशीनच्या पुस्तिकेत पाहा.

सकाळी डोके जड राहणे, पायांवर सूज, जागेपणीच धाप किंवा छातीत दुखणे असे काही असेल तर हे सगळे बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना गाठा. कोणतेही ऑपरेशन ठरले तर भूलतज्ज्ञांना हा आजार सांगा आणि मशीन बरोबर न्या.

भाऊसाहेबांचा हिशेब

त्यांचे मशीन सदोष यादीत नव्हते. मास्क ३,६०० रुपये, नळी ८००, फिल्टर ४००, तज्ज्ञांची फी ७००. एकूण ५,५०० रुपये. वजन नऊ किलो वाढले होते म्हणून तज्ज्ञांनी दाबाची मर्यादा बदलून दिली. तिसऱ्या रात्री त्यांनी मास्क भिरकावून दिला. चौथ्या रात्री वहिनींनी तो धुऊन परत हातात दिला.

तीन आठवड्यांनी कार्ड पाहिले. सरासरी वापर पाच तास, उरलेले थांबे तासाला चार. रक्तदाब १३८, तीन गोळ्या अजून तशाच आहेत, त्या कमी होतील की नाही हे पुढे पाहू. टेम्पो सध्या मुलगा चालवतो आणि भाऊसाहेब शेजारी बसतात. आणखी महिन्याने पाहू, असे मी सांगितले आहे. वहिनींची तक्रार वेगळीच आहे. आता घोरण्याचा आवाज येत नाही म्हणून त्यांनाच मध्यरात्री जाग येते आणि श्वास चालू आहे ना, हे त्या हात लावून पाहतात.

साठ-सत्तर हजारांच्या धास्तीने अडलेले काम साडेपाच हजारांत मार्गी लागले. प्रत्येकाचे एवढ्यात भागेलच असे नाही. पण माळ्यावर चढून पाहिल्याशिवाय ते कळणारही नाही. तुमच्या घरी असे मशीन असेल तर येत्या रविवारी शिडी लावा, मशीन खाली काढा, पुसा आणि तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तर तुम्हीच सांगा, "डॉक्टर, मी घोरतो."